हलक्या गटाचा मान

मराठीत ‘हलका’ या शब्दाला मान कमीच. हलका माल, हलक्या कानाचा माणूस. मैदानात आणि यंत्रात मात्र हाच शब्द लहानांसाठी दार उघडतो. त्या दारापलीकडे मानही सारखा मिळतो का, हे मला तपासायचे आहे.

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांतील आखाड्यात वजनकाटा क्वचितच दिसतो. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणी यात्रेत असो वा एखाद्या वाडीच्या उरुसात, जाणकार मंडळी दोन पोरांना शेजारी उभे करतात, अंगलट पाहतात आणि जोड लावतात. नजरेचा हा काटा बहुधा चुकत नाही. पण इनामाचा आकडा कुस्तीगणिक चढत जातो आणि शेवटची मोठी कुस्ती धिप्पाड मल्लांच्याच वाट्याला येते.

ऑलिंपिकमध्येही १८९६ साली कुस्तीला वजनगट नव्हते. ते १९०४ मध्ये आले. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेत फ्रीस्टाइलचे आठ गट होते. त्यांत ‘लाइटवेट’ ६७ किलोंचा, म्हणजे खालून चौथा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याहूनही दोन पायऱ्या खाली, ५७ किलोंच्या ‘बँटमवेट’ गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेवीवेटच्या कांस्यपदकाहून ते कणभरही कमी मानले गेले नाही. आपल्याकडे ‘महाराष्ट्र केसरी’च्या गदेची लढत मात्र जड गटातली.

संगणकातही हीच गोष्ट घडली. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात ‘एलडॅप’ ही पद्धत तयार झाली. तिच्या नावातला ‘एल’ म्हणजे लाइटवेट. माहितीसूची शोधण्याची जुनी पद्धत लहान संगणकांना पेलत नव्हती, म्हणून हा सुटसुटीत मार्ग काढला. लहान यंत्रालाही तीच सूची खुली झाली. इथे हलकेपणाने कुणाला वेगळे बसवले नाही.

खेळाच्या ॲपमध्ये मात्र वेगळे बसवले गेले. २०१९ मध्ये भारतात ‘पबजी मोबाइल लाइट’ आले, कमी मेमरीच्या स्वस्त फोनसाठी. मूळ खेळात एका सामन्यात १०० खेळाडू, लाइटमध्ये ६०, नकाशाही लहान. स्वस्त फोनवाल्या पोराला खेळ मिळाला, पण महागड्या फोनवाल्याशी त्याची गाठच पडेना. २०२० च्या सप्टेंबरात सरकारी बंदी आली, ती दोन्हींवर सारखीच.

म्हणजे वजनगट पाडणे हे अर्धेच काम. खाशाबांना गटाने संधी दिली, पण त्यांचे नाव टिकले ते पदकाचे मोल गटागणिक बदलत नव्हते म्हणून. आपल्या यात्रांच्या पंचांनी यंदा एवढे करून पाहावे: आखाड्याशेजारी एक काटा ठेवावा, आणि ५७ किलोंच्या अव्वल कुस्तीचे इनाम शेवटच्या कुस्तीइतकेच लावावे.