परदेशी विद्यार्थी आणि इंग्रजीची परीक्षा



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो आणि पुढे याच शाळेत इंग्रजी शिकवले. बडोद्यात बदलीवर येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच आपल्याकडे येत. कोणी गुजराती माध्यमातून आलेला असे, कोणी हिंदी. सर अशा मुलाला आपल्या खोलीत बसवून एक उतारा वाचायला सांगत आणि आजोबांना चार ओळींचे पत्र लिहायला लावत. प्रवेश आधीच दिलेला असे. मुलाला कोणत्या तुकडीत बसवायचे आणि शाळा सुटल्यावर कोणत्या शिक्षकाने त्याच्याकडे लक्ष द्यायचे, एवढेच त्या पत्रावरून ठरे. आजच्या विषयाचे मूळ माझ्या दृष्टीने त्या खोलीत आहे.

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांची मुले आज अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथील विद्यापीठांत जातात. जाण्यापूर्वी ती इंग्रजीची एक परीक्षा देतात आणि काही ठिकाणी पोहोचल्यावर पुन्हा दुसरी. पहिली परीक्षा प्रवेशाची, दुसरी स्थाननिश्चितीची, म्हणजे कोणत्या वर्गापासून सुरुवात करावी हे ठरविणारी. या दोन परीक्षांचे हेतू भिन्न आहेत. त्यांची गल्लत कशी होत गेली, हे इतिहासाच्या आधारे पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

आरंभी अशी परीक्षाच नव्हती. १८८३ साली आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, त्या पत्रव्यवहाराच्या बळावर. त्यांनी लिहिलेला अर्ज हीच त्यांच्या इंग्रजीची साक्ष होती. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुंबई विद्यापीठाची पदवी हे त्यांच्या तयारीचे प्रमाण होते. माणूस लिहितो कसा आणि शिकला कोठे, यावर विद्यापीठे विसंबत.

त्याच १९१३ साली इंग्लंडात केंब्रिजने परभाषकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. ती परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी होती. भाषांतर, निबंध, व्याकरण, ध्वनिशास्त्र आणि तोंडी परीक्षा मिळून सुमारे बारा तास लागत. पहिल्या वर्षी तिघे बसले आणि तिघेही नापास झाले! या परीक्षेने भाषेचे पांडित्य तपासले. विद्यार्थ्याला वर्गातले व्याख्यान कळेल काय, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न पुढे आला अमेरिकेत, आणि खेदाची गोष्ट अशी की तो वर्गातून येण्याऐवजी बंदरावरून आला. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या देशवार मर्यादित केली. विद्यार्थ्यांना मात्र त्या मर्यादेबाहेर ठेवले. साहजिकच, विद्यार्थी म्हणून येणारा खरोखर शिकण्यास समर्थ आहे काय, अशी शंका शासनाला येऊ लागली. त्यातून १९३० मध्ये 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची परीक्षा घेतली. आर्थिक मंदीच्या काळात ती काही वर्षांतच बंद पडली. तथापि शिक्षणाच्या परीक्षेत परवान्याचा हेतू मिसळला तो येथे, आणि तो पुढे कधी पूर्णपणे वेगळा झाला नाही.

दुसरी परंपरा मिशिगन विद्यापीठातील. तेथे १९४१ साली चार्ल्स फ्रीझ यांनी इंग्रजी भाषा संस्था स्थापन केली आणि लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे सघन वर्ग सुरू झाले. वर्ग भरवायचे म्हटले की विद्यार्थ्यांची वर्गवारी करणे ओघानेच आले. या कामात पुढे आले रॉबर्ट लाडो. त्यांचा जन्म फ्लोरिडात स्पॅनिश कुटुंबात झाला, बालपण स्पेनमध्ये गेले आणि तरुणपणी परत येऊन ते इंग्रजी शिकले. ज्याने स्वतः ठेचा खाल्ल्या, त्याने इतरांसाठी चाचणी तयार केली, हे मला महत्त्वाचे वाटते. शिकणाऱ्याची मातृभाषा आणि इंग्रजी जेथे वेगळ्या होतात, तेथेच त्याची अडचण असते आणि चाचणीने नेमके तेथेच बोट ठेवावे, असे लाडो यांचे प्रतिपादन होते. आपल्या 'व'मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी सामावतात आणि मराठीत उपपद नसल्याने 'ए' व 'द' कोठे घालावे हे आपल्या मुलांना कळत नाही. ज्यांनी इंग्रजी शिकवले आहे त्यांना लाडोंचे म्हणणे लगेच पटेल.

१९६१ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत एकच राष्ट्रीय परीक्षा असावी असा विचार पुढे आला. तेथे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी एक मूलगामी प्रश्न मांडला. सुट्या ध्वनींचे आणि सुट्या नियमांचे ज्ञान मोजून, त्या भाषेत विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते हे समजेल काय? १९६४ मध्ये 'टोफेल' परीक्षा प्रथम घेतली गेली. तिच्या प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्नांचा भर राहिला. लेखनाची स्वतंत्र परीक्षा १९८६ साली आली आणि बोलण्याची कसोटी मुख्य परीक्षेचा अनिवार्य भाग झाली ती २००५ च्या नव्या स्वरूपात. कॅरोल यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली. ब्रिटनमध्ये १९८० साली आलेल्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या विषयानुसार वेगळे उतारे देण्याचा प्रयोग झाला. १९८९ मध्ये तिची जागा 'आयेल्ट्स'ने घेतली आणि १९९५ च्या सुधारणेत विषयवार विभागणी सोडून देण्यात आली.

विद्यापीठांतील स्थाननिश्चितीची चाचणी मात्र शांतपणे आपले काम करीत राहिली. इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थ्याला एक लेख वाचायला आणि एक व्याख्यान ऐकायला देऊन दोहोंच्या आधारे निबंध लिहिण्यास सांगण्याची पद्धत रूढ झाली. वर्गात जे करावे लागते तेच परीक्षेत करायचे. त्यानंतर कोणास सूट मिळते, कोणास लेखनाचा एखादा अभ्यासक्रम घ्यावा लागतो. आपली मुले यावर नाराज होतात, हे मी पालकांकडून ऐकले आहे. 'पैसे भरून एक परीक्षा दिली, मग ही दुसरी कशाला?' त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. जादा अभ्यासक्रमास वेळ लागतो, काही ठिकाणी पैसाही लागतो, आणि मागे राहिल्याची लाज वाटते ती वेगळीच. परंतु ज्या चाचणीच्या पाठीशी शिक्षक आणि वर्ग उभा आहे, तिचा निकाल चुकला तरी पहिल्या आठवड्यात दुरुस्त करता येतो. प्रवेशाच्या परीक्षेचा निकाल चुकला तर तो दुरुस्त करणारे समोर कोणी नसते.

याचा दारुण पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाने व्हिसासाठी घेतल्या जाणाऱ्या इंग्रजी परीक्षेतील तोतयेगिरी उघड केली. ती खरी होती, यात शंका नाही. त्यानंतर ३३ हजारांहून अधिक निकाल अवैध ठरविण्यात आले. अनेकांचे व्हिसा रद्द झाले आणि त्यांत भारतीय विद्यार्थीही होते. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ च्या अहवालात सांगितले की काहींवर चुकीचा आरोप झाला असण्याची शक्यता आहे आणि निरपराधांना वाचविण्याची पुरेशी काळजी शासनाने घेतली नाही. ज्यांना अस्खलित इंग्रजी येत होते त्यांनाही न्यायालयात इंग्रजीतच उभे राहून आपल्याला इंग्रजी येते हे सिद्ध करावे लागले.

या इतिहासातून मी एवढाच निष्कर्ष काढतो. परीक्षा घेणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे, की निकाल लागल्यावर मी या विद्यार्थ्यासाठी काय करणार आहे? उत्तर 'शिकवणार आहे' असे असेल तर परीक्षा थोडी कच्ची असली तरी चालते. उत्तर 'परत पाठवणार आहे' असे असेल, तर ती कितीही पक्की केली तरी पुरेशी पक्की होत नाही. परदेशी निघालेल्या मुलांनाही मी सांगेन, की पोहोचल्यावर जी चाचणी होईल ती मन लावून द्या आणि मिळालेला वर्ग अपमान समजू नका.

आपल्या शाळेतही आज अन्य भाषांतून मुले येतात. त्यांच्या हाती कोरा कागद देऊन सर आजोबांना पत्र लिहायला सांगत. त्या पत्रातील चुका त्यांनी कधी मोजल्या नाहीत. वाचून होताच ते शिपायाला हाक मारीत आणि संबंधित शिक्षकांना बोलावून घेत. ही रीत शाळेने पुढे चालू ठेवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.