आर्चबिशप नेमले कसे जातात? मुंबईच्या गादीची गोष्ट

२५ जानेवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांचा राजीनामा स्वीकारला आणि त्याच दिवशी जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे आर्चबिशप झाले. मधे एक दिवसही गादी रिकामी राहिली नाही. अशी बातमी वाचली की चर्चशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला साधा प्रश्न पडतो: यांना निवडलं कुणी? मतदान झालं होतं का? यांनी अर्ज केला होता का?

दोन्हीही नाही. कॅथलिक चर्चमध्ये बिशपपदासाठी अर्ज करता येत नाही. आपलं नाव विचारात आहे, हेही संबंधित फादरना बहुतेक वेळा माहीत नसतं.

सुरुवात नावांच्या यादीपासून होते. एका प्रांतातले बिशप दर तीन वर्षांनी तरी एकत्र बसून, बिशप होऊ शकतील अशा धर्मगुरूंची नावं गुप्तपणे काढतात आणि रोमला पाठवतात. प्रत्यक्ष जागा रिकामी होते तेव्हा पोपचे दिल्लीतले राजदूत, ज्यांना नन्सिओ म्हणतात, चौकशी सुरू करतात. निवडक बिशप आणि धर्मगुरूंना ते एकेकटं गाठून विचारतात: माणूस कसा आहे, पैशाच्या व्यवहारात चोख आहे का, लोकांत मिसळतो का? गरज वाटली तर सामान्य श्रावकांनाही विचारतात. ज्याला विचारलं त्याने कुठेही बोलायचं नाही, हा नियम कडक आहे. मग तीन नावं रोमला जातात. पोप त्यातलं एक निवडतात किंवा तिन्ही बाजूला ठेवून चौथंच नाव घेतात.

पात्रतेचे नियम मात्र उघड आहेत. वय किमान ३५, धर्मगुरू म्हणून किमान ५ वर्षं, आणि बायबल, ईशज्ञान किंवा चर्चचा कायदा यांपैकी एका विषयातली उच्च पदवी किंवा तेवढं प्रभुत्व.

पोपची निवड पक्की झाली की नन्सिओ त्या धर्मगुरूला निरोप देतात. तो नकार देऊ शकतो. होकार दिला तर घोषणा होईपर्यंत गप्प राहायचं. घोषणा रोमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजता होते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. ज्या धर्मप्रांतात आयुष्य घालवलं तिथल्या बहुतेक लोकांना बातमी तेव्हाच कळते. या गुप्ततेमुळे गटबाजी आणि वशिलेबाजीला आळा बसतो, असं तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ज्यांचा मेंढपाळ नेमायचा त्या लाखो लोकांना मत नसतं, हेही तितकंच खरं.

मुंबईत काय झालं?

नियमानुसार बिशपनी ७५ वर्षं पूर्ण झाली की पोपना राजीनामा द्यायचा असतो. तो लगेच स्वीकारला जाईलच असं नाही. कार्डिनल ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये ७५ वर्षांचे झाले, पण पद सुटलं ते ऐंशी ओलांडल्यावर.

दरम्यान ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पोपनी पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना मुंबईचे को-ॲडज्युटर आर्चबिशप नेमलं. हा शब्द अवघड आहे, अर्थ सोपा: वारस ठरलेला सहकारी. वरची जागा रिकामी होताच तो आपोआप त्या जागी येतो. रॉड्रिग्ज मूळ मुंबई महाधर्मप्रांताचेच. २०१३ पासून ते इथे सहायक बिशप होते आणि २०२३ मध्ये पुण्याला गेले. त्यामुळे पद स्वीकारताना ५७ वर्षांच्या या माणसाला शहर नव्याने ओळखावं लागलं नाही. कार्डिनल ही मात्र वेगळी पदवी आहे. ती गादीबरोबर मिळत नाही, पोप देतील तेव्हाच मिळते.

ते आधीच बिशप असल्यामुळे त्यांना पुन्हा दीक्षा घ्यावी लागली नाही. जो साधा फादर असतो त्याची दीक्षा तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते. तो सोहळा पाहण्यासारखा असतो. होणारा बिशप वेदीसमोर जमिनीवर पालथा पडून राहतो आणि सगळं चर्च संतांची नावं घेत प्रार्थना करतं. मग बिशप एकामागून एक त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, शुभवर्तमानाचा उघडा ग्रंथ डोक्यावर धरला जातो, मस्तकाला तेल लावतात. अंगठी, उंच टोपी आणि मेंढपाळाची काठी त्यानंतर मिळते.

अधिकार किती?

बरेच. धर्मग्रामांत फादर नेमणं, बदल्या, चर्चच्या शाळा-संस्थांवर देखरेख. जुने बिशप गेले की त्यांच्या मुख्य सहायकाचं, म्हणजे व्हिकर जनरलचं, पदही संपतं. नव्या बिशपला हा उजवा हात नव्याने नेमावा लागतो. पण चर्चची मोठी जमीन विकायची तर एकट्याची सही चालत नाही. अर्थसमिती आणि सल्लागार धर्मगुरूंचं मंडळ या दोघांची संमती लागते, आणि ठरावीक रकमेच्या वर रोमचीही. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे हे ठाऊक असलेल्याला या अटीचं मोल सांगायला नको.

(हे सगळं लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांबद्दल. केरळच्या सिरो-मलबार चर्चचे प्रमुख त्यांच्या बिशपांच्या सभेत मतदानाने निवडले जातात. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्येही प्रमुख, म्हणजे मॉडरेटर, निवडून येतात.)

गादी सोडणारा इंग्रज

मुंबईच्या या पदाची एक जुनी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला होता, की मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. भारतीयाचा त्यात नंबरच नव्हता. १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. त्यांच्यानंतर पाळी पोर्तुगीजाची होती. रॉबर्ट्सना मात्र आपल्यानंतर भारतीय हवा होता. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे सहायक बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईबाहेर राहू लागले. नावाला आर्चबिशप तेच होते, काम भारतीय माणूस करत होता.

१९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.