तळटीप : पेस्टवरचा पहारा

* लेखक ज्याला ‘पेस्टवर पहारा’ म्हणतात, त्याचा व्यवहार असा. नेवाशाचा डीटीपीवाला श्रीलिपीतला मजकूर वेबपेजच्या चौकटीत पेस्ट करतो आणि मराठीऐवजी रोमन अक्षरे न् चिन्हांची गिचमिड उमटते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आतला कोड रोमनचाच, मराठी फक्त वरचा मुखवटा. मजकूर चौकटीत पडण्याआधी ब्राउझर ‘पेस्ट’ इव्हेंट उठवतो. वर्डमधून कॉपी केले असेल तर क्लिपबोर्डवर साधा मजकूर आणि एचटीएमएल अशी दोन्ही रूपे असतात; फॉन्टचे नाव दुसऱ्यात सापडते. ते ओळखून मूळ पेस्ट थोपवायची आणि युनिकोडमध्ये बदललेला मजकूर घालायचा. मात्र मग ‘इनपुट’ इव्हेंटही आपणच उठवावा लागतो. नाहीतर त्यावर विसंबलेल्या तपासण्यांना बदलाचा पत्ताच लागत नाही.

याच वाटेने ‘अहमदनगर’चे ‘अहिल्यानगर’ परस्पर करून टाकावे, ही लेखकाची सूचना आम्हाला मान्य नाही. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये बदलले. त्याआधीच्या खरेदीखतातला उतारा खतात आहे तसाच उतरला पाहिजे. फार तर शेजारी सूचना दाखवावी. खातेक्रमांकाच्या चौकटीत पेस्टच बंद करणारे महाभाग वेगळेच! – संपा.