बल्लाळ : पेशव्यांच्या मुद्रेतले आणि चांद्याच्या गादीवरचे एक नाव

थ्रेड. केळापूर तालुक्यातील एका मित्राच्या घरी अलीकडेच मुलगा झाला. घर गोंड. बारशासाठी त्याच्या मनात ‘बल्लाळ’ हे नाव होते. एक नातलग म्हणाले, “हे तर पेशव्यांचे नाव, आपले कसे?” दुसऱ्याने ‘बाहुबली’ चित्रपटातील भल्लालदेवाची आठवण करून दिली आणि खलनायकाचे नाव कशाला, असे विचारले. मित्राने तो वाद माझ्याकडे पाठवला. त्याला दिलेले उत्तर बरेच लांबले, म्हणून ते इथे मांडतो.

प्रारंभ केळापुरातूनच करू. तालुक्याला नाव दिले ते जगदंबेच्या केळापूरने. कचेऱ्या आणि बाजार मात्र पांढरकवड्याला. या पांढरकवड्याजवळ १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल ॲडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाला गाठले आणि त्याचे सैन्य मोडले. पेशवा तेव्हा चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे निघाला होता. तिथे तो पोहोचलाच नाही. ३ जून रोजी त्याने माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपवली. आता योगायोग पाहा. या पराभूत पेशव्याचे आजोबा थोरले बाजीराव. त्यांचे कागदोपत्री नाव ‘बाजीराव बल्लाळ’. आणि ज्या शहराकडे तो धावत होता, ते परंपरेनुसार वसवले खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाने. पुणे आणि चांदा या दोन सत्तांचा रक्ताचा संबंध काहीच नाही. मग एकच नाव दोन्हीकडे कसे?

शब्दाचे मूळ दक्षिणेत सापडते. त्याची सर्वसाधारणपणे मान्य फोड अशी : ‘बल’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘आळ’ म्हणजे माणूस, पुरुष. द्राविडी भाषांत हा ‘आळ’ राज्य करणे, ताब्यात ठेवणे या अर्थानेही येतो. बल्लाळ म्हणजे बळाचा पुरुष, समर्थ सत्ताधीश. कर्नाटकातील होयसळ घराण्यात या नावाचे तीन राजे झाले. त्यांतील दुसरा वीर बल्लाळ बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांशी झुंजला. तिसरा बल्लाळ १३४३ च्या सुमारास मदुरेच्या सुलतानाविरुद्ध लढताना मारला गेला. फारसी ग्रंथांत या राजाचा उल्लेख ‘बिलाल देव’ असा येतो. हा ‘बिलाल’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दक्षिणेतून हे नाव दोन्ही अंगांनी पसरले. कोल्हापूरच्या शिलाहारांत, बाराव्या शतकाच्या आरंभी, गंडरादित्याच्या थोरल्या भावाचे नाव बल्लाळ होते. बंगालच्या सेन राजांनी आपले मूळ कर्नाटकात सांगितले आहे. त्यांच्यातील बल्लाळसेनाने ‘दानसागर’ हा ग्रंथ रचला. पुढे सोळाव्या शतकात काशीच्या एका बल्लाळ पंडिताने ‘भोजप्रबंध’ लिहिला. म्हणजे हे नाव कोणत्याही एका जातीच्या किंवा प्रदेशाच्या मालकीचे पूर्वीपासूनच नव्हते. ते राजांचे होते, तसेच पंडितांचेही होते.

आता चांदा. इथे मात्र थोडे थांबायला हवे.

चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ आपल्याला मुख्यतः मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालातून माहीत आहे. त्यात पहिला राजा भीम बल्लाळसिंग. त्याचा काळ थेट नवव्या शतकात नेलेला आहे. हा आकडा आजही समाजमाध्यमांवर सर्रास फिरतो. परंतु तो कोणत्याही शिलालेखातून आलेला नाही; परंपरेने सांगितलेल्या नावांच्या यादीवरून मागे मोजत गेल्यावर तो हाती येतो. माझ्या मते त्यावर भर देऊ नये. भर द्यायचाच तर यादीतील नावांवर द्यावा. भीम, खर्जा, आंदिया, सूर्जा, खांडक्या आणि पुढे बाबाजी, अशा कितीतरी राजांच्या नावाला ‘बल्लाळ’ जोडलेला आहे. एखादे नाव घराण्यात इतक्यांदा परतून येते, तेव्हा ते नुसते नाव उरत नाही. ते गादीचे बिरुद झालेले असते.

यांतील खांडक्या बल्लाळशाहची कथा विदर्भात सर्वश्रुत आहे. त्याच्या अंगावर गाठी आणि फोड उठले होते. राणीच्या सल्ल्याने त्याने आजच्या तेलंगणातील सिरपूर सोडले आणि वर्धा नदीच्या काठी किल्ला बांधला, तेच बल्लाळपूर. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील खळग्याचे पाणी त्याने प्यायले आणि त्याच्या व्याधी गेल्या. अचलेश्वराचे मंदिर त्याच जागेशी जोडले जाते. मग कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्याच मागे धावला आणि त्या धावेच्या मार्गावर चांद्याचा परकोट आखला गेला. कुत्र्यामागे लागणाऱ्या सशाची गोष्ट भारतात अनेक शहरांच्या जन्मकथेत आढळते, म्हणून तिला इतिहास म्हणता येत नाही. व्याधीच्या भागाचे मात्र मला विशेष वाटते. मध्य प्रदेशात खरगोनजवळच्या ऊन येथे जुन्या मंदिरांचा समूह आहे. तिथली दंतकथाही एका बल्लाळ राजाचीच आहे : त्याच्या पोटात साप शिरला, त्यातून बरा झाल्यावर त्याने शंभर मंदिरे बांधायला घेतली आणि एक ‘ऊन’ राहिले. बळाचा पुरुष म्हणवणारा राजा दोन्हीकडच्या लोकस्मृतीत आजारी माणूस म्हणून उरावा, याला काय म्हणावे?

दंतकथेतून खात्रीच्या इतिहासात येण्यासाठी पुन्हा यवतमाळ जिल्ह्यातच यावे लागते. ‘आइने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘कल्लम’ हे गाव येते. हे आपले कळंब. त्याच्या आसपास चांदा म्हणून ओळखला जाणारा एक गोंड जमीनदार असून त्याच्यापाशी १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ आहे, अशी नोंद अबुल फझल करतो. त्याचे नाव तो ‘बाबजिऊ’ असे देतो. हाच वंशावळीतील बाबाजी बल्लाळशाह. पायदळाचा आकडा फुगवलेला असू शकेल. तरीही सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल दरबाराला या गादीची दखल घ्यावी लागत होती, एवढे त्यातून निश्चित होते. हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी गिळंकृत केले.

कळंबचे कल्लम झाले, तसेच बल्लाळचेही झाले. ‘ळ’ हा वर्ण फारसी लिपीत नाही, हिंदीतही नाही. म्हणून होयसळांचा बल्लाळ बिलाल झाला, बल्लाळपूरचे बल्लारपूर झाले आणि दिल्ली–चेन्नई मार्गावरील तिथल्या जंक्शनवर ‘बल्हारशाह’ अशी पाटी लागली. गाडी बदलण्यासाठी तिथे ताटकळत बसलेल्या किती जणांना आपण एका राजाच्या नावाखाली बसलो आहोत याची कल्पना असते?

पुण्याकडची कथा वेगळी आहे. मराठी कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिण्याची रीत होती. वडील बाळाजी असतील, तर त्या जागी पुष्कळदा ‘बल्लाळ’ लिहीत. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीरावांचे पुत्र माधवराव बल्लाळ. बुंदेलखंडातील गोविंदपंत बुंदेले हेही मूळचे गोविंद बल्लाळ खेर. यात एक गंमत आहे. या घरांत बल्लाळ म्हणून हाक मात्र कोणालाच मारली जात नसे. हाक मारायची ती बाळाजी, बाळ किंवा बाळोबा अशी. बल्लाळ हे नाव वडिलांच्या जागेवर, मुद्रेत आणि पत्राच्या मायन्यातच राहत होते. ‘संगीत शारदा’चे नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्यापर्यंत ही रीत टिकली. त्यानंतर छापील जगात ते ‘गो. ब. देवल’ झाले. शाळेत ‘शारदा’विषयी शिकलेल्यांपैकी त्या ‘ब’चा पूर्ण उच्चार किती जणांना सांगता येईल?

मराठीत बल्लाळ हे लहान मुलाचे नाव म्हणून ठळकपणे भेटते ते एकाच ठिकाणी, रायगड जिल्ह्यातील पालीला. कल्याण नावाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना जमवून दगडांच्या गणपतीची पूजा करी. चिडलेल्या बापाने त्याला मारून झाडाला बांधले. तेव्हा देव प्रकटला आणि भक्ताचेच नाव घेऊन तिथे राहिला, अशी गणेशपुराणातील कथा. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. पण इथेही नाव देवाने घेतले आणि पाळण्यात ते परत आले नाही. तुळुनाडूत जैन सरदारांची पदवी म्हणून आणि पुढे आडनाव म्हणून ते टिकले. मराठीतही बल्लाळ हे आज मुख्यतः आडनावच आहे.

तेव्हा नातलगांना उत्तर असे. पेशव्यांच्या घरात हे नाव वडिलांच्या रकान्यात होते. चांद्याच्या गोंड राजांनी ते स्वतःच्या नावाला लावले, आणि खांडक्या व बाबाजी हे दोघेही थोरल्या बाजीरावाच्या कितीतरी आधीचे. उसने घेतल्याचा प्रश्न असेलच, तर दोघांनीही ते दक्षिणेच्या बाजूने घेतलेले दिसते. भल्लालदेवाचे म्हणाल, तर तो चित्रपट २०१५ चा. मुलगा शाळेत जाईपर्यंत त्याची आठवण बरीच पुसट झालेली असेल.

मित्राला एक व्यावहारिक सूचना मात्र केली. जन्मनोंदणीच्या अर्जात इंग्रजीत नाव लिहिले, की संगणक ते परत मराठीत आणताना बहुधा ‘बल्लाल’ करील. म्हणून मराठीचा रकाना स्वतः भर, आणि दाखला हातात आल्यावर तिथल्या तिथे ‘ळ’ तपासून घे.