औषधाला दाद न देणारा आजार

दंतवैद्यांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी थोडा मराठी मजकूर तयार करून देण्याचे काम मागे माझ्याकडे आले होते. सांगायचे होते ते साधेच: बहुतेक दातदुखीवर खरा उपाय दातावरच करावा लागतो, प्रतिजैविकाची गोळी उगाच लिहिली, तर दुखणे जागच्या जागी राहते आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. अडले ते एका शब्दापाशी. या सरावण्याला परिभाषेतला शब्द 'प्रतिकार'. पण मराठी कानाला प्रतिकार रुग्णाच्या बाजूचा वाटतो. प्रतिकारशक्ती वाढली म्हणजे बरेच झाले की! शेवटी घरातला वाक्प्रचारच कामी आला: औषधाला दाद न देणे. तो लिहिताना मला आठवला तो दातांचा नव्हे, तर एका माशीच्या चाव्यातून पसरणारा आजार. औषध सापडणे आणि ते नीट दिले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

तो म्हणजे काला आजार. फारसीतून आलेला 'आजार' हा शब्द आपल्याकडे सर्दीपासून कर्करोगापर्यंत कशालाही चालतो. आसाम, बंगाल, बिहारात मात्र तो 'काला'ला जोडला की अर्थ एकच उरे: महिनोन्‌महिने येणारा ताप, फुगलेली पाणथरी, वाळलेले हातपाय, काळवंडणारी कातडी. 'काळ' म्हणजे मृत्यू, असाही अर्थ काहींनी या नावात वाचला. उपचार न मिळालेले बहुतेक सगळेच रुग्ण दगावत, हे लक्षात घेतले तर तो ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

1824 च्या सुमारास बंगालमधल्या जेसोर भागात आलेली साथ ही या आजाराची जुनी नोंद मानली जाते. पुढे तो 'बर्दवानचा ताप' झाला, कलकत्त्याजवळच्या छावणीमुळे 'दमदमचा ताप' झाला. गारो टेकड्यांतल्या लोकांनी त्याला 'सरकारी' आजार म्हटले, कारण इंग्रजांचा अंमल आणि हा ताप त्यांच्याकडे मागेपुढेच पोहोचले होते. या नावात निव्वळ भाबडेपणा नव्हता. साथ खरोखरच ये-जा वाढलेल्या वाटांनी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर सरकत गेली. आसामातल्या नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या 1891 ते 1901 या दहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटली.

डॉक्टरांचे वाचनही चुकत होते. 1890 मध्ये जॉर्ज जाइल्स यांनी हा अंकुशकृमींचा आजार ठरवला. लेनर्ड रॉजर्स यांनी 1897 मध्ये तो तीव्र हिवताप मानला. हिवतापाचा डासांशी संबंध उलगडणारे रोनाल्ड रॉस आसामात गेले आणि तेही हिवतापाच्याच निष्कर्षाला आले. मग कोयनेल दिले जाई आणि रुग्ण मरत राही. 1903 मध्ये विल्यम लीशमन यांनी दमदमला राहून गेलेल्या आणि इंग्लंडमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या पाणथरीत दिसलेल्या सूक्ष्म कणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच दिसले. हा वेगळाच परजीवी होता. दोघांची नावे जोडून त्याचे बारसे केले ते रॉस यांनीच: लीशमानिया डोनोव्हानी.

निदान सुटले तरी औषध नव्हते. 1915 पासून अँटिमनीचे एक क्षार शिरेतून देऊ लागले. ते लागू पडे, पण विषारी होते आणि उपचार फार लांबे. 1920 च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले. खोली लहान, तिथे ना विजेची सोय, ना गॅस, ना पाण्याचा नळ. या औषधाने आसाम-बंगालमध्ये असंख्य जीव वाचले. 1929 मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही.

वाहकाचा पुरावा त्याहून उशिरा आला. मातीच्या भिंतींच्या फटींत, गोठ्याच्या ओलसर जमिनीत वाढणारी, डासाहून कितीतरी लहान अशी ही माशी. हिंदीत तिला 'बालू मक्खी' म्हणतात. ते इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर आहे, आणि वाळूच्या ढिगात तिला शोधणारा फसेल. प्रयोगशाळेत ती एकदा चावल्यावर फार जगत नसे. रक्तानंतर तिला मनुका खाऊ घातल्या, तेव्हा ती दुसऱ्या चाव्यापर्यंत टिकली. 1942 मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशा माश्यांकडून स्वयंसेवकांना चावा घेववून संसर्ग सिद्ध केला.

पन्नाशीच्या दशकात हिवतापासाठी मारलेल्या डीडीटीने ही माशीही मेली आणि काला आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि सत्तरच्या दशकात तो उत्तर बिहारमध्ये परतला. या वेळी अँटिमनीचे सुधारित औषध हाताशी होते. पण अनेक रुग्ण आधी पोहोचत ते पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांकडे. कोणी थोड्या मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवी, कोणी मूत्रपिंडांवर ताण नको म्हणून मध्येच खंड पाडी, कोणी ताप उतरला की सुया थांबवी. हे सगळे रुग्णाच्या काळजीपोटीच होत असे. अर्धवट मात्रेत टिकलेला परजीवी मात्र माशीवाटे शेजारच्या घरात जाई. भारतात या परजीवीचा साठा माणसातच असतो. पाण्यातल्या आर्सेनिकचाही यात हात असावा, असे काही संशोधक मानतात. सरकारी मात्रा दुप्पट झाली, मुदत महिन्यापर्यंत गेली, तरी उपयोग घटत राहिला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच औषधाने उत्तर प्रदेशातले 86 टक्के रुग्ण बरे झाले. बिहारमधले फक्त 35 टक्के.

आता मेदाच्या सूक्ष्म वेष्टनातले अँफोटेरिसिन शिरेतून एकदाच दिले जाते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले. त्याचा मोठा गुण मला वेगळाच वाटतो: उपचार एकाच बैठकीत संपतो, त्यामुळे मध्येच थांबवायला किंवा खंड पाडायला जागाच उरत नाही. पण प्रत्येक रोगाला असे औषध मिळत नाही. दातदुखीची गोळी तर लिहिणाऱ्याच्या विवेकावरच चालते.

'दाद' हा शब्दही 'आजार'सारखाच फारसीतला. मूळ अर्थ न्याय. ब्रह्मचारींच्या खोलीतून सुरू झालेल्या औषधपरंपरेला बिहारमध्ये तो मिळाला नाही, आणि रुग्णांना तर नाहीच. त्या मजकुराच्या शेवटी मी एक ओळ जोडली: औषध कोणते हे विचारण्याआधी ते लागते का हे विचारा, आणि लागत असेल तर किती आणि किती दिवस, हेही विचारा.