वाटाड्याची विद्या

चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा एक शाळकरी मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च घराला झेपेना, तेव्हा त्यांनीच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासमोर नेऊन उभे केले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याशी जुळलेल्या त्याच नात्यातून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

बाबासाहेबांची ही वाटचाल मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. केळुसकरांचे नाव मात्र त्यात ओझरते येऊन जाते. या पुस्तकाचा विषय केळुसकरांनी केलेले काम हा आहे: कोणाला काय हवे ते ओळखणे, त्यासाठी कोणते दार ठोठावावे ते माहीत असणे आणि त्या दारापर्यंत सोबत चालणे. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांनी, वसतिगृहाच्या गृहपालांनी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी या विषयात यावे, त्यांचे मनापासून स्वागत आहे.

विषय जुना आहे. गोपाळराव जोशींनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारे एक घर होते. मार्गदर्शनाचा अर्धा भाग इकडे असतो आणि अर्धा तिकडे, हे त्या पत्रव्यवहारातून फार चांगले कळते.

आज परदेशी शिक्षणासाठी मार्गदर्शनाचे हे काम व्यवसाय झाले आहे. त्याचा गाभा बीडच्या वाचकाला समजावून सांगायला फार पाने लागणार नाहीत. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल मुकादमाकडून घेतलेली असते आणि मुकादमाचे कमिशन कारखान्याकडून येते. मजुराला तो आपला माणूस वाटतो. तो कोणाचा, ते हिशोबाच्या दिवशी कळते. शहरात ‘मोफत मार्गदर्शन’ अशी पाटी दिसली की हाच प्रश्न विचारावा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली बरीच विद्यापीठे विद्यार्थी दाखल झाला की त्याच्या फीमधला काही हिस्सा एजंटाला देतात. अमेरिकेने १९९२ मध्ये आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांच्या भरतीसाठी असे कमिशन देण्याला कायद्याने आळा घातला, परदेशी विद्यार्थ्यांपुरती मात्र सूट ठेवली. पुढे २०१२ च्या लंडन निवेदनात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांनी एजंटांच्या वागणुकीची तत्त्वे मान्य केली.

कमिशन घेणारा प्रत्येक जण फसवतो असे मुळीच नाही. रात्री बारा वाजता फोन उचलून मुलाचा व्हिसाचा अर्ज दुरुस्त करणारी माणसे या व्यवसायात आहेत. पण जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नाही. शुल्क नाही तिथे कमिशनही नाही. मग गरीब घरच्या मुलाला सर्वांत सोयीची ठरू शकणारी ही नावे काही एजंटांच्या याद्यांत का दिसत नाहीत, याचे उत्तर आपोआप मिळते. म्हणून कमिशनशी संबंध नसलेली केंद्रे मोलाची आहेत. भारत–अमेरिका फुलब्राइट संस्थेचा उगम १९५० चा; तिच्या सल्ला केंद्रांत अमेरिकेतल्या शिक्षणाची माहिती मिळते. बुलडाणा जिल्ह्यातून लंडनला शिकायला गेलेल्या राजू केंद्रे यांनी उभी केलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरते. केळुसकरांच्या परंपरेतले हे काम आहे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय चालते ते पाहू. आपल्या गुणपत्रकावर बहुधा आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते. पासपोर्टवर क्रम वेगळा. दोन्हींतले नाव जुळवण्यातच कित्येकांचे दोन महिने जातात. आपल्याकडचे ६२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अमेरिकेतल्या शिक्षकाला ६२ हा आकडा जेमतेम पास झाल्यासारखा दिसतो. तेव्हा वर्गात, विद्यापीठात तो मुलगा कितवा होता हे प्राध्यापकाने शिफारसपत्रात लिहावे लागते.

सर्वांत अवघड काम उद्देशपत्राचे, म्हणजे हेच शिक्षण का हवे ते स्वतःच्या शब्दांत सांगण्याचे. एका मुलीने अर्थशास्त्रासाठी मसुदा आणला होता. सुरुवात नेटवरच्या नमुन्यासारखी: लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे. मी विचारले, “सातवीत तू चार महिने शाळेत नव्हतीस. कुठे होतीस?”

“कारखान्यावर, सर. पप्पांना लिहिता येत नाही. खेपा मी वहीत मांडायचे. काट्याची पावती आणि मुकादमाचा आकडा जुळायचा नाही.”

“मग हे का नाही लिहिलं?”

ती गप्प राहिली. ते लिहिण्याजोगे असते असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. दुसरा मसुदा त्या वहीपासून सुरू झाला.

पैशाचे प्रकरण मोठे आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपुढे गेले की सहसा तारण लागते आणि शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून धरत नाहीत; सातबारा असूनही हात रिकामे. म्हणून शिष्यवृत्त्यांची बारकाईने ओळख हवी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेने २०२३ मध्ये सयाजीरावांच्याच नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांत अनुसूचित जातींबरोबर भटके-विमुक्त आहेत, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी चार जागाही. देशभरात चार! तरी आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांना त्या चार जागांची खबर आहे?

शेवटी वेळापत्रक. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. नेमके तेव्हा आईवडील सांगलीला, कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडात असतात. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही, आधार कार्डावरचे आईचे नाव दुरुस्त करण्यासाठी तिचा अंगठा, या गोष्टी तेव्हा फोनवर होत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकाचे वर्ष परीक्षेच्या निकालापासून सुरू होत असेल. बीडच्या मार्गदर्शकाने ते पोळ्यापासून धरावे. पोळा ते दसरा हाताशी सुमारे चाळीस दिवस मिळतात. तेवढ्यात तलाठी, तहसील, बँक या तिन्ही ठिकाणची कामे उरकून घ्यावीत आणि सह्या झालेली फाईल, टोळीची गाडी गावातून निघण्याआधी, मुलीच्या हातात असावी.