परगावचा विद्यार्थी आणि घरभाडे

यवतमाळास अमोलकचंद महाविद्यालय निघाले ते १९५६ साली. तोवर पदवीची आकांक्षा धरणाऱ्या मुलाने ‘शकुंतला’ आगगाडीने अरुंद रुळांवरून मूर्तिजापूर गाठावे, तेथून मोठ्या गाडीने अमरावती वा नागपूरची वाट धरावी आणि परक्या गावी एखादी खोली करून राहावे, हा या कापूसपिकाच्या जिल्ह्याचा शिरस्ताच होता. पुसद तालुक्यातील गहुलीच्या वसंतराव नाईकांचे उच्च शिक्षणही नागपुरासच झाले. असा परस्थ विद्यार्थी यजमान नगरातील भाडे चढवून तेथील गरीब बिऱ्हाडांना परागंदा करतो काय, हा आज परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांविषयी विचारला जाणारा प्रश्न वऱ्हाडाला मुळीच नवा नाही.

पूर्वी कित्येक निर्धन विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सात दिवस सात घरचे अन्न घेत, आणि कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकीत. त्यामुळे त्यांचा भार भाड्याच्या रूपाने शेजाऱ्यांवर पडत नसे. परंतु हा आश्रय जातीच्या उंबरठ्यापाशी अडे, आणि कुणब्याच्या वा अस्पृश्य गणलेल्या घरातील मुलाला तो दुर्लभच होता. ही उणीव जाणून, एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे स्वतः परदेशस्थ विद्यार्थी म्हणून राहून आलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उघडले.

छात्रालये अपुरी पडली, की हिशेब पालटतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत एका खोलीतील चार मुले ‘कॉट बेसिस’वर जी रक्कम भरतात, तिची बेरीज एखाद्या कारकुनाच्या वा मोलकरणीच्या ऐपतीबाहेर जाते, शिवाय विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जात असल्यामुळे मालकाला प्रत्येक नव्या मुलाबरोबर नवा दर ठरवता येतो. खानावळवाल्या बाईची चूल या मुलांवर पेटते हे खरे, तरी तिचेही भाडे त्याच दराने चढते.

१९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि ज्या यवतमाळची मुले परगावी खोल्या शोधीत होती, ते यवतमाळच आता घाटंजी, मारेगाव, झरीजामणीच्या मुलांचे यजमान आहे. विद्यार्थ्यांच्या येण्याने भाडे चढते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचा दोष बापाने कापूस विकून धाडलेल्या मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जी संस्था प्रवेश देते तिने निवाऱ्याचीही तजवीज करावी, हाच श्रद्धानंद छात्रालयाने घालून दिलेला पाठ आहे.